ए-सात लाव

सातवीच्या उन्हाळी सुट्टीत मी ज्यूकबॉक्स झालो. पुढची तीन वर्षं, उन्हाळा आणि दिवाळी धरून, मी ज्यूकबॉक्सच होतो. बाकीची पोरं सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन विहिरीत पोहायची, आंबे हाणायची. मीही मामाच्याच गावाला जायचो. पण माझ्या मामाचं वडवणीच्या स्टँडसमोर हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात दाराजवळच्या पहिल्या बाकड्यावर तात्या बसलेले असायचे.

हॉटेल म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, चार बाकडी, भज्यांची कढई, आणि काचेच्या बरणीत जन्मतारीख माहीत नसलेल्या बालुशाह्या. वडवणी तेव्हा तालुका नव्हतं. बीडहून परळीला जाणाऱ्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव. एसटी दहा मिनिटं थांबायची आणि त्या दहा मिनिटांत मामाला आपला गल्ला उरकावा लागायचा. तात्यांचा गल्ल्याशी काही संबंध नव्हता. ते सकाळी नऊला एक चहा घेत, दुपारी चारला दुसरा, आणि मधले सात तास बाकडं वापरल्याचे पैसे मामानं कधी मागितले नाहीत. मागितले असते तर तात्यांनी उलट हजेरी मागितली असती.

असा माणूस प्रत्येक स्टँडवर असतो. तेलगावला होता, माजलगावला दोन होते. गाण्याची फर्माईश करणं हे त्याचं आयुष्यातलं मुख्य काम, बाकी शेती, संसार, पोराबाळांची लग्नं वगैरे जोडधंदे. गाता येत नाही, पेटी वाजवता येत नाही, घरी रेडिओसुद्धा नीट लागत नाही. पण चार माणसं बसलेली दिसली की ‘आता कोणतं गाणं व्हायला पाहिजे’ हे त्याला जितकं नक्की कळतं तितकं पाऊस कधी पडणार हेही कळत नाही.

तात्या मुंबईहून परत आलेले होते. गिरणीत बदली कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, चार महिने वाट पाहून तात्या वडवणीला आले, आणि मी त्यांना पाहिलं तेव्हा पाच वर्षं उलटून गेली होती. तरी कुणी ‘तात्या, आता हितंच का?’ विचारलं की ते दुखावत. ‘संप मिटला असं कुणी सांगितलं का तुला? म्या रजेवर हाय.’ लालबागला शिवलेली एक टेरिकॉटची पँट ते वर्षभर घालत, कॉलरखाली रुमालाची घडी, मागच्या खिशात कंगवा. गावाबाहेर त्यांची तीन एकर कोरडवाहू होती. ती काकू बघत. तात्या जमिनीकडं बघायचे ते एसटीच्या खिडकीतून.

मुंबईनं तात्यांना काय दिलं विचारलं तर ते गिरणी सांगत नसत, राणीचा बाग सांगत नसत, समुद्रसुद्धा नाही. ते सांगत परळचा एक इराणी. त्याच्या हॉटेलात, आरशाखाली, कपाटाएवढी एक पेटी होती. समोर काच, आत दिवे. भोकात चार आणे टाकायचे, एक अक्षर दाबायचं, एक आकडा दाबायचा. आत तबकड्या उभ्या, शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या. मग एक गाडा सरकत यायचा, नेमक्या तबकडीपाशी थांबायचा, तिला बखोटीला धरून बाहेर काढायचा, आणि उभ्या उभ्याच वाजवायचा. हे सगळं तात्या बशीवर करून दाखवत. डाव्या हाताच्या चार बोटांत चार बशा उभ्या धरायच्या, उजवा हात रुळावरून आल्यासारखा खट् खट् खट् आणायचा, तिसऱ्या बशीवर थांबवायचा. इथं ते क्षणभर डोळे मिटत. मामा कढईवरून ओरडत, ‘तात्या, बशी फुटली तर बारा आणे.’

‘मालक,’ तात्या डोळे न उघडता म्हणत, ‘त्या इराण्यानं गिऱ्हाइकाला असं कधी बोलला न्हाई.’

चूक व्याकरणाची होती, पण रुबाब असा की मामा गप्प बसत.

ज्यूकबॉक्सच्या आधी तात्यांनी रेडिओ करून पाहिला होता. विविध भारती १९५७ पासून होतीच, फर्माईशीचे कार्यक्रम होते, आणि तिकडं तेव्हाच्या बिहारात झुमरी तलैया नावाचं गाव निव्वळ पोस्टकार्डांच्या जोरावर देशभर गाजलं होतं. वडवणी का गाजू नये? तात्यांनी पंधरा पैशांची कार्डं आणली. कार्डावर जितकी जास्त नावं तितका वजनदारपणा, म्हणून त्यांनी आधी घरची नावं घातली, मग भावकी, मग न्हावी, पोस्टमन, शेवटी जागा उरली तेव्हा सर्जा आणि राजा ही बैलजोडी. एका रात्री, केंद्र कोणतं ते सांगत नाही, गाणं लागलं. नावं वाचली गेली. सर्जा-राजांसकट. सगळं हॉटेल कान टवकारून बसलेलं, आणि निवेदक शेवटी गावाचं नाव वाचतात ते ‘बडवानी, मध्य प्रदेश’.

त्या रात्री तात्या जेवले नाहीत म्हणतात. सगळं श्रेय मध्य प्रदेशाला गेलं. बैल तेवढे आमचे राहिले. ‘मधी मानूस आला की असं व्हतं,’ ते म्हणाले. ‘पेटी पायजे. पेटी नाव वाचत न्हाई.’

पेटी कुठून आणणार? मामाकडं होता एक टू-इन-वन टेप. त्याला दोन जाळीदार स्पीकर, डाव्याचा आवाज बसलेला. पण कॅसेटी होत्या आठ. बीडला तेव्हा ‘कॅसेट भरून मिळेल’ अशा पाट्या असायच्या. साठची कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी दिली की दुकानदार चार दिवसांत गाणी भरून द्यायचा, चिठ्ठीत नसलेलं एखादं पदरचंही घालायचा. प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, दादा कोंडक्यांच्या सिनेमातली, रफी, लता, दोन कव्वाल्या, एक कीर्तन. तात्यांनी एका दुपारी सगळ्या कॅसेटी बाकड्यावर मांडल्या, माझ्या दोनशे पानी वहीतली मधली चार पानं माझ्या देखत फाडली आणि यादी केली. कॅसेटीला अक्षर, गाण्याला आकडा. ए-एक, ए-दोन, असं करत एच-नऊ. मग डालड्याचा पिवळा डबा घेतला आणि त्याच्या झाकणाला, बरोबर माडाच्या चित्राच्या डोक्यावर येईल अशी, छिन्नीनं चीर पाडली.

‘आन् तो गाडा?’ मामानं विचारलं. ‘कॅसेट कोण काढणार?’

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मशीन व्हायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं त्यानं कॅसेटीवर मधलं गाणं हुडकून दाखवावं. तबकडीवर सुई कुठंही ठेवता येते. कॅसेटीचा फितीचा मामला. सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर या हिशेबानं ती सरकते, अर्ध्या तासाच्या एका बाजूला सुमारे ८६ मीटर फीत, आणि गिऱ्हाइकाला हवं असलेलं गाणं नेहमी साठाव्या मीटरवर. टेपनं पुढं पळवली तर सेल खातो, लाईट असली तरी मोटर कण्हते. म्हणून मी षटकोनी पेन्सिल कॅसेटीच्या दातेरी भोकात घालायचो आणि खुळखुळ्यासारखी गरगर फिरवायचो. नव्वद-शंभर वेढे म्हणजे एक गाणं पुढं. कॅसेटीच्या सुरवातीला सव्वाशेही लागतात, शेवटी पासष्ट-सत्तरातच भागतं, कारण चाकावरचा गुंडा जाड-बारीक होत जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरात बोटांना कळायला लागलं. डोळे मिटून सी-पाच काढायचो. कधी मागच्या गाण्याचं शेपूट यायचं, तेव्हा तात्या हवेत बोट वर करत: थांबा, मशीन चालू आहे.

फीत गुंतली की मात्र हाल. टेपच्या पोटातून तपकिरी शेवयांचा लगदा निघायचा. तो न तोडता सोडवायचा, चुरगळलेला भाग नखानं गुळगुळीत करायचा, तुटलीच तर मामीच्या नेलपॉलिशचा एक थेंब. त्या जागी गायकाला कायमची उचकी लागायची. डी-तीनला लताबाईंना माझ्यामुळं उचकी आहे.

गावानं माझं नाव टाकून दिलं. ‘मशीन, बी-चार!’ ‘मशीन, भजे हाण आन् ई-एक लाव!’ मामी मागच्या दारातून हाक मारायची, ‘मशीन, जेवायला ये.’ सुट्टी संपवून घरी गेलो तेव्हा शाळेत हजेरीला स्वतःच्या नावावर ‘हजर’ म्हणायला मला दोन दिवस लागले.

तात्यांनी नियम लिहून भिंतीला चिकटवले होते. एक गाणं चार आणे. लाईट नसेल तर आठ आणे, सेलचे. एकच गाणं लागोपाठ दोनदाच. हा नियम एका दुखावलेल्या ट्रॅक्टर ड्रायव्हरामुळं करावा लागला, त्यानं एका दुपारी एकच विरहाचं गाणं सात वेळा लावलं होतं आणि सातव्यांदा मामाच रडायच्या बेताला आले. गावात मयत असेल तर फक्त एफ कॅसेट, म्हणजे भजनं, निम्म्या दरात. आणि ३१ जुलैला डबा बंद. १९८० साली त्या तारखेला रफीसाहेब गेले. त्या दिवशी सकाळपासून फक्त रफी, फुकट, आणि तात्या चहा न घेता बसत. शाळेमुळं मी तेव्हा नसायचो; त्या दिवशी मशीनचं काम मामी करायची आणि तिच्या म्हणण्याप्रमाणं ती माझ्यापेक्षा चांगली होती.

नाण्यांऐवजी डब्यात पडणारे वायसर हे दुसरं दुखणं. रात्री मामा डबा उपडा करत. एकतीस नाणी, सहा वायसर, एक शर्टाची गुंडी. तात्या वायसर उचलून दिव्याला धरत, आतल्या कडेवर अंगठा फिरवत आणि म्हणत, ‘ह्यो चिंचवणच्या ट्रॅक्टरचा.’ दुसऱ्या दिवशी त्या ट्रॅक्टरवाल्याला गाणं मिळत नसे. त्याचा नांगर ढिला वाजायचा, तेही वेगळं. पुढं वाचनात आलं की अमेरिकेतल्या पेटीवाल्यांनाही हाच ताप होता. तिथं लोक बनावट चकत्या टाकायचे आणि कंपन्या त्या ओळखणारी यंत्रणा पेटीत बसवायच्या. आमची यंत्रणा टेरिकॉटच्या पँटीत होती.

परळी गाडी आली की धमाल. प्रवासी उतरायच्या आत तात्या उठून उभे राहत, लग्नघरातल्या यजमानासारखे. ‘या, बसा. गाणं आयका. बारक्याला नंबर सांगा.’ कंडक्टर चार आणे टाकायचा. गाणं साडेतीन मिनिटांचं, पण माझी पेन्सिल फिरून ते सापडेपर्यंत थांबायची वेळ संपत आलेली असायची. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, प्रवासी खिडक्यांतून शिव्या देतायत, आणि कंडक्टर दाराच्या दांडीला लोंबकळून अंतऱ्याची वाट बघतोय. एकदा गाडी निघून गेली आणि कंडक्टर राहिला. तात्यांनी त्याला सायकलवर डबलशीट घेऊन अर्धा मैल पाठलाग केला. परत आले ते घामाघूम, पण तोंडावर तेज. ‘अंतरा आयकून गेला,’ म्हणाले.

आता जे मला तेव्हाही विचित्र वाटायचं ते सांगतो. तात्या स्वतः गाणं ऐकत नसत. त्यांचं गाणं ठरलेलं, ए-सात. रफीसाहेबांनी मराठीत जी थोडी गाणी गायली, श्रीकांत ठाकऱ्यांच्या चालींवरची, त्यांतलं एक. रोज चारच्या चहानंतर ते डब्यात आपली पावली टाकत, ‘ए-सात लाव’ म्हणत आणि गाणं सुरू झालं की पाठ टेपकडं करून लोकांकडं तोंड करून बसत. मग एकेकाचा चेहरा बघत. भजे तोडणारा हात कुठं थांबतो. कोण बिडी विझू देतो. कोण मुद्दाम मोठ्यानं बोलतो, म्हणजे त्याला लागलंय. गाणं संपल्यावर मला हळूच म्हणत, ‘त्यो कोपऱ्यातला बगितला का? दुसऱ्या कडव्याला खाली बगितलं त्यानं.’ त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काय होत असेल ते बघायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मी मशीन.

मी रात्री मामा झोपल्यावर एकदा स्वतःचे चार आणे डब्यात टाकले आणि आवाज अगदी बारीक करून ए-सात लावलं. पैसे न टाकताही लावता आलं असतं. दिवसभर तेच ऐकून कान किटले होते, तरी. मोठेपणी एक गोष्ट वाचली. अमेरिकेत ओमाहाच्या एका बारमध्ये रात्री गिऱ्हाइकं गेल्यावर तिथली वाढपी मुलगी आपले पैसे टाकून ज्यूकबॉक्सवर दिवसभर वाजलेलंच गाणं पुन्हा लावते, हे टॉड स्टोर्झ नावाच्या रेडिओवाल्यानं पाहिलं आणि त्यावरून रेडिओवर ठरावीक चाळीस गाणी फिरवत ठेवायची कल्पना त्याला सुचली, असं सांगतात. खरी असो नसो, त्या मुलीचं मला पटतं.

ही वाचायची खोडही तात्यांमुळंच लागली. पेटीचं मूळ कुठलं ते हुडकलं तेव्हा कळलं की २३ नोव्हेंबर १८८९ ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका गुत्त्यात लुई ग्लास नावाच्या गृहस्थानं एडिसनचा फोनोग्राफ नाणं टाकायची सोय करून ठेवला. त्याला कर्णा नव्हता. डॉक्टरच्या नळीसारख्या चार नळ्या, ज्याचं नाणं त्याच्या कानात गाणं. हे मी तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांना ते अजिबात आवडलं नाही. ‘म्हंजी बाजूच्याला आयकू येत न्हाई? मग पैशे कशाला टाकायचे?’ पुढं १९३३ साली तिथली दारूबंदी उठली, गुत्त्यांना वाजंत्री हवी झाली, वाजवणाऱ्यांना द्यायला पैसे नव्हते, आणि पेट्यांचं उखळ पांढरं झालं. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहेच, म्हणून बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहितात. असो. पेट्या करणाऱ्या बड्या कंपन्यांत एक रॉक-ओला. मला वाटायचं, रॉक अँड रोलवरून नाव ठेवलं असेल. पण ते मालकाचं आडनाव निघालं, डेव्हिड रॉकोला. लोकांना उच्चार जमेना म्हणून त्यानं मध्ये आडवी रेघ मारली. तात्या म्हणाले, ‘ओला? आपल्या जिल्ह्यात चाललं नसतं. हितं सुका पायजे.’

काकू हॉटेलात एकदाच आल्या. खुरपणीचे दिवस, दुपार टळलेली, कमरेला पदर खोचलेला, हातात खुरपं. बायका तेव्हा हॉटेलात येत नसत, त्यामुळं सगळी बाकडी आपोआप सरळ बसली. काकूंनी कनवटीच्या गाठीतून चार आणे काढले, डब्यात टाकले. खण्णकन आवाज झाला.

‘कोणतं लावू, काकू?’

‘ह्यांना घरी न्यायचं कोंचं हाय, ते लाव.’

मी यादी चाळायला लागलो. खरंच चाळायला लागलो. मशीनला थट्टा कळत नाही. तात्या उठले, टोपी नीट केली आणि काकूंच्या मागं चार पावलं अंतर ठेवून निघून गेले. चारचा चहा त्या दिवशी झाला नाही. ते चार आणे मामानं वेगळे काढून ठेवले, म्हणाले, गाणं दिलं नाही तर पैसे कसे घ्यायचे.

दिवाळी सरली की ऊसतोडीसाठी वडवणी रिकामी व्हायची. मुकादमानं उचल दिलेली, कोयत्यांच्या जोड्या ठरलेल्या, आणि ट्रका स्टँडवर लागायच्या. कोयता म्हणजे नवरा-बायको, एक हत्यार धरून हिशेब. संसार ट्रकमध्ये चढायचा: पत्रे, बाजरीचं पोतं, चूल, कोंबड्या, म्हातारी, तान्हं. कुणी सांगलीकडं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने. त्या रात्री डबा भरायचा. उचलीतले पैसे खिशात खुळखुळत असायचे आणि ते आपले नाहीत हेही माहीत असायचं, म्हणून लोक ते गाण्यावर मोकळे करायचे. माझी बोटं सुजायची.

अशाच एका रात्री ट्रकवरून एक पोरगं खाली आलं. चार-पाच वर्षांचं, मुठीत नाणं. ‘माय म्हन्ती, जात्यावरचं लाव.’

मी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी यादी घेतली. ए ते एच, वरून खाली, मग खालून वर. बीड जिल्ह्यातल्या बायका पहाटे जात्यावर काय म्हणतात ते बीडच्या कुठल्याच दुकानात भरून मिळत नव्हतं. ‘यादीत न्हाई रं,’ ते म्हणाले. पोरगं हललं नाही. नाणं पुढं केलेला हात तसाच. तात्या त्याला कडेवर घेऊन ट्रकपाशी गेले आणि अंधारात वर तोंड करून काहीतरी बोलले. मला एवढंच ऐकू आलं, की वरच्या सगळ्या बायका हसल्या, आणि ट्रक निघून वळणाला गेल्यावर इंजिनाच्या घरघरीवर दोन-तीन गळे चढले.

परत आल्यावर तात्यांनी माझी पेन्सिल मागितली आणि यादीत शेवटी लिहिलं: ‘एच-दहा. जात्यावरचं. (मशीनमध्ये नाही. ज्याचं त्यानं म्हणावं.)’ दर मात्र लिहिला चार आणेच.

मग मी कॉलेजात गेलो, मामानं रंगीत टीव्ही घेतला, आणि डब्यात मामी हरभऱ्याची डाळ ठेवायला लागली. चिरीतून किडे जातात म्हणून चिरीवर डांबर. चार आण्याचं नाणं सरकारनं ३० जून २०११ पासून कायमचं बंद केलं. त्या दिवशी तात्यांचा फोन आला. शेजारच्या पोराच्या मोबाईलवरून. स्वतःचा होता, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ‘मशीन, आता तुजा रेट काय?’

मधे एकदा वडवणीला गेलो तेव्हा मामाच्या हॉटेलाच्या जागी मामेभावानं स्लॅब टाकलेला होता, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, आणि प्रत्येक खुर्चीतल्या पोराच्या कानात दोन पांढरी बोंडं. लुई ग्लासच्या नळ्या वडवणीपर्यंत पोचल्या होत्या. तात्या त्याच जागी बसून चेहऱ्यांकडं बघत होते. एक पोरगं पाय हलवत होतं. ‘काय आयकत आसंल?’ तात्या मला म्हणाले. मग उठून त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. त्यानं एक बोंड काढलं, ‘काय बाबा?’ ‘समद्यास्नी आयकव की.’ पोरानं बापुडवाणं हसून बोंड परत घातलं. आजकालची पोरं उद्धट नसतात, त्यामुळं भांडताही येत नाही.

मामेभावानं तात्यांची समजूत काढायला यूट्यूबवर ‘ज्यूकबॉक्स’ लावून दिला. तिकडं कंपन्या एका सिनेमाची सगळी गाणी एका व्हिडिओत घालतात आणि त्याला ज्यूकबॉक्स म्हणतात. एक गाणं संपलं, आपोआप दुसरं, मग तिसरं. तात्या चौथ्या गाण्यापर्यंत गप्प होते.

‘ह्ये कुणी सांगितलं लावायला?’

‘कुणी न्हाई, तात्या. आपोआप लागतंय.’

‘मग ह्याला ज्यूकबॉक्स कामून म्हनायलेत?’

मामेभाऊ माझ्याकडं पाहायला लागला. मी चहा प्यायलो.

परवाच्या संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्या शेतात हुरडा खायला गेलो. तात्या आता ऐंशीच्या घरात, काकू त्यांच्याहून ताठ. शाळू निसवून कणसं भरलेली, आणि अख्ख्या पट्टीवर, बांधाच्या बाभळीपासून पलीकडच्या खुंटापर्यंत, तपकिरी फिती ताणलेल्या. उन्हात चकाकत होत्या. वारा आला की सगळ्या मिळून घूंऽऽ करत. पाखरं हाकलायला आमच्याकडं जुन्या कॅसेटींच्या फिती अशाच बांधतात. हे मला माहीत होतं, पण ह्या कोणत्या ते कळायला क्षण लागला. बांधाला एका खुंटीला रिकामी कॅसेट लटकत होती. तिच्यावर माझ्या सातवीतल्या अक्षरात ‘डी’.

‘काकूंचं काम,’ तात्या म्हणाले. ‘मला इचारलं बी न्हाई.’

‘इचारून काय करायचं?’ काकू आगटीत कणसं फिरवत होत्या. ‘टेप मोडून धा वर्सं झाली. हितं निदान राकन तरी करायलेत.’

वारा वाढला. तात्यांनी बोट वर केलं, जुन्या सवयीनं, आणि मान कलती करून एका तारेजवळ कान नेला. ‘बी बाजू हाय,’ म्हणाले. ‘वारं परळीकडून आलं की बी बाजू वाजती.’

‘पाखरं येतात का हो, काकू?’

‘कशाला येत्यात? ह्यांनी गानं लावल्यावर हाटेलातली मान्सं तरी कवा थांबत हुती?’

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी माझा दंड धरला आणि मला पट्टीच्या पार टोकाला नेलं. तिथं एक फीत बाकीच्यांपेक्षा जरा सैल बांधलेली होती, वाऱ्यावर हळू हलणारी. काकूंना दिसणार नाही अशा बेतानं त्यांनी तिच्याखाली बोट दाखवलं. दोन चिमण्या एका कणसावर बसून दाणे टिपत होत्या.

‘ए कॅसेट,’ ते कुजबुजले, आणि त्या घाबरून उडू नयेत म्हणून मला दोन पावलं मागं ओढलं.